नॉर्बर्टचा खिळा

आमच्या वील्सदामच्या फुटबॉल क्लबात, कँटीनच्या बारच्या वर, एक जाड लाकडी तुळई आहे आणि तिला ओळीने खिळे ठोकलेले आहेत. ज्याने क्लबकडून दहा हंगाम काढले त्याने खेळणं सोडलं, की त्याचे बूट त्या तुळईला टांगायचे, ही आमच्याकडची रीत. बूट धुवायचे नाहीत. शेवटच्या सामन्याचा चिखल तसाच वाळतो आणि पुढे कित्येक वर्षं थोडा थोडा गिऱ्हाइकांच्या बिअरमध्ये पडत राहतो. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. माझ्या नवऱ्याचे, योरिसचे, बूट डावीकडून दुसरे आहेत. योरिस जाऊन बरीच वर्षं झाली. त्या बुटांच्या खाली उभी राहून मी दर रविवारी टोमॅटोचं सूप वाढते.

माझ्या धाकट्या भावाला, नॉर्बर्टला, तिथे एक खिळा हवा होता. लहानपणापासून त्याने कशाचा हट्ट असा धरलाच नव्हता. चाळिशी उलटल्यावर, गुडघ्याला पट्टी बांधून, बटाटे सोलता सोलता तो एकदा वर बघून म्हणाला, "ताई, तिथे योरिसच्या शेजारी जागा आहे." तेव्हा कुठे मला कळलं की या पोराला काहीतरी हवं असू शकतं.

नॉर्बर्ट लामर्टाइन हे नाव तुम्ही ऐकलं नसणार. सोमवारच्या पेपरात ते बारीक अक्षरांत यायचं आणि निम्म्या वेळा चुकीचं छापलेलं असायचं. लेफ्ट बॅक. देशाच्या चौथ्या श्रेणीच्या वर तो कधी गेला नाही. बहुतेक वर्षं त्याच्याही खाली, जिल्ह्याच्या गावगन्ना सामन्यांमध्ये. आठवडाभर तो शेतकऱ्यांची दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि रविवारी दुपारी तीन वाजता कुठल्या ना कुठल्या गावाचा शर्ट घालून उभा राहायचा. कुठल्या गावाचा, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

कारण वसंत ऋतू लागला की कुठल्या तरी क्लबाचा अध्यक्ष आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. गाडीत मागे अर्धं डुक्कर कापडात गुंडाळून आणलेलं असायचं. आमच्या भागात करार असेच व्हायचे. आई कॉफी ओतायची, पाहुणा आपल्या गावाचं, मैदानाचं, तिथल्या गवताचं कौतुक करायचा आणि नॉर्बर्ट खिडकीबाहेर बघत बसायचा. ऐकतोय की नाही, कळायचं नाही. मग तो हळूच मान हलवायचा. आई म्हणायची, "परत?" आणि त्याचे मोजे शोधायला उठायची. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. कुणी बोलावलं की निघाला. मी चिडून त्याला म्हणायची, उद्या एखाद्या गाढवाने हाक मारली तर त्याच्यामागेही जाशील. तो हसायचा.

असा तो देशभर फिरला. नदीकाठच्या वीटभट्ट्यांच्या गावात होता, तिथे मैदानावरची धूळ लाल होती आणि त्याचे मोजे आईला कधीच पांढरे करता आले नाहीत. लिम्बुर्गच्या कोळशाच्या खाणींच्या गावात होता, तिथे निम्मा संघ इटालियन आणि सामन्यानंतर सगळे मिळून रडत किंवा गात. वाळूच्या टेकड्यांमागच्या एका क्लबात होता, तिथे वारा सुटला की गोलकीपर बॉलऐवजी डोळे धरून बसायचा. एक वर्ष फ्रेंच बोलणाऱ्या गावात काढलं. तिथे त्याला एक शब्द कळत नव्हता, आणि तिथे आपल्याला फार शांत वाटायचं असं तो सांगायचा.

सांगायची त्याची पद्धतही न्यारी होती. कोण जिंकलं, कोण हरलं, हे त्याला आठवायचंच नाही. आठवायचे ते आवाज. वीटभट्टीच्या गावात गोलकीपर "गेला!" म्हणाला की आपण बॉल त्याच्यासाठी सोडायचा. खाणींच्या गावातला नुसताच शीळ घालायचा. फ्रेंच गावातला नाकातून काहीतरी म्हणायचा, आणि काय म्हणाला ते न कळताही पाय बरोबर उचलला जायचा. नॉर्बर्ट डोळ्यांनी खेळतच नव्हता, तो कानांनी खेळायचा. "लेफ्ट बॅकला मागचं कुठे दिसतं, ताई," तो म्हणायचा. "मागच्याने सांगायचं आणि आपण ऐकायचं. त्यात डोकं चालवलं की गोल झालाच म्हणून समज." हे बोलताना त्याचा हात बटाट्यावर थांबलेला असायचा आणि नजर दूर कुठेतरी लागलेली. मी त्याच्या हातातून सुरी काढून घ्यायची, नाहीतर बोट कापून घेतलं असतं.

सगळ्यांत जास्त तो टिकला स्टावमूरला. तीन वर्षं. आता स्टावमूर म्हणजे आमच्या कुरणाच्या पलीकडचं गाव. हिवाळ्यात एझर नदी फुगली की मधली सगळी कुरणं पाण्याखाली जातात, आणि समोरच्या गावाला जायचं तर मोठा वळसा घालावा लागतो. मी काही गेले नाही, वळसा घालूनही नाही आणि कोरड्या उन्हाळ्यातही नाही. योरिसचा पाय त्यांच्या मैदानावर मोडला होता, त्यांच्याच एका रेड्यासारख्या खेळाडूने मोडला होता, आणि त्या दिवशी त्यांच्या कँटीनमध्ये लोक हसत होते. त्या दाराची पायरी मी चढणार नाही असं मी तेव्हाच सांगून टाकलं होतं. सख्खा भाऊ त्यांच्याकडून खेळू लागला तरी मी सामना बघायला गेले नाही. त्यानेही कधी ये म्हटलं नाही.

तिथला गोलकीपर कामिल. उंच, वाकलेला, पोस्टमनची नोकरी करणारा. नॉर्बर्ट त्या तीन वर्षांत त्याच्या पुढे खेळला. इतर गावांबद्दल तो बोलायचा, स्टावमूरबद्दल माझ्यासमोर बोलायचा नाही. मला वाटे, माझा राग ओळखून गप्प बसत असेल.

शेवटी गुडघे कुरकुरायला लागले, अध्यक्ष मंडळी आमच्या स्वयंपाकघरात यायची थांबली, आणि नॉर्बर्ट वील्सदामला परत आला. ज्या क्लबाने पोरपणी त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं त्याच क्लबाकडून खेळायला लागला. आमचा अध्यक्ष ओमेर म्हणजे गावचा खाटीक. मोठ्या आवाजाचा, मनाने बरा माणूस. त्या वर्षी संघाची अवस्था वाईट होती. नवीन वर्षाच्या पार्टीत दोन ग्लास पोटात गेल्यावर ओमेर बाकावर चढला आणि म्हणाला, नॉर्बर्टने जर आपल्याला या श्रेणीत टिकवलं तर दहा हंगामांचा नियम गेला खड्ड्यात, त्याचे बूट इथे लागतील. लगेच हातोडी मागवून त्याने योरिसच्या बुटांशेजारी एक नवा खिळा ठोकला सुद्धा. असा आधीच खिळा ठोकणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पुढचे पाच महिने नॉर्बर्ट कँटीनमध्ये आला की आधी वर बघायचा, मग कोट काढायचा.

आणि खरंच, तो खेळलाही छान. हळू धावायचा, पण बॉल जिथे यायचा तिथे तो आधीच उभा असायचा. घसरत घसरत आम्ही मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारपर्यंत आलो. शेवटचा सामना, नॉर्बर्टचाही शेवटचाच, आमच्याच मैदानावर, आणि समोर कोण, तर स्टावमूर. जिंकलो तर टिकलो, बरोबरी झाली तरी खाली. ओमेरने विजयाच्या रात्रीसाठी सॉसेजची एक टोपली भरून ठेवली होती.

दुपार कडक उन्हाची होती. बायका बिनबाह्यांचे झगे घालून आल्या होत्या. मध्यंतराला एकास एक होते. आणि मग समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे मे महिन्यात असं होतं: जमीन तापलेली, पाणी थंड, आणि अचानक पश्चिमेकडून पांढरी भिंत चालत येते. आधी चर्चचा मनोरा गेला, मग पॉपलरची झाडं, मग पलीकडचा गोल. उकाड्यात एकदम गारवा आला आणि सगळे आवाज जवळ आल्यासारखे वाटू लागले. पंचाने सामना थांबवायला हवा होता. पण त्याच्या भाचीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा विधी होता, तिकडे जेवण वाट बघत होतं, आणि सामना परत खेळवायचा म्हणजे आणखी एक रविवार गेला. त्याने मध्यभागी उभं राहून दोन्हीकडे मान फिरवली आणि मला दोन्ही गोल दिसतात असं जाहीर केलं. त्याला स्वतःचे बूट दिसत असले तरी पुष्कळ.

मी सूप गॅसवरून उतरवलं आणि बाहेर जाऊन स्टावमूरच्या गोलामागे उभी राहिले. दिसत काहीच नव्हतं. बॉलवर पाय पडल्याचा आवाज यायचा, कुणाचा तरी श्वास यायचा, एक नाव हाकारलं जायचं आणि विरून जायचं. माणसं धुक्यातून अर्धी बाहेर यायची आणि परत आत जायची. किती वेळ गेला, किती उरला, काही कळेना. खरं सांगते, मला सामन्याचा विसरच पडला होता. वाटत होतं, हे सगळे आपल्या ओळखीचे लोक झोपेत चालताहेत आणि त्यांना उठवू नये.

शेवटी शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला. नॉर्बर्ट कधी पुढे येत नसे, त्या वेळी आला. जाळीपलीकडे, माझ्यापासून फार तर सहा पावलांवर, त्याची आकृती उगवली. डावा खांदा जरा उतरलेला, जन्मापासून तसाच आहे. बॉल वरून आला, कुणाच्या तरी डोक्याला लागला, आणि नेमका त्याच्या पायापाशी येऊन पडला. पुढे गोल उघडा. मला दिसत होतं की उघडा आहे. त्याने पाय उचललाही.

तेवढ्यात त्याच्या मागून, कुठे तरी जमिनीजवळून, आवाज आला. "सोड, नोर, माझा!"

आणि नॉर्बर्टने सोडला. नुसता सोडला नाही. त्याने पाय बाजूला घेतला, दोन्ही हात पसरले, आणि बॉलवर धावून आलेल्या आमच्याच सेंटर फॉरवर्डला, बेकरीवाल्याच्या जावयाला, पाठीने अडवून धरलं. कामिल रांगत आला, बॉलवर पालथा पडला, आणि पंचाने शिट्टी फुंकली. एकास एकच राहिले, आम्ही खाली गेलो, आणि पंच जेवायला पळाला.

कँटीनमध्ये त्या दिवशी चमच्यांचे आवाज ऐकू येत होते. बेकरीवाल्याच्या जावयाने घडलं ते सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी म्हणालं नॉर्बर्टने मुद्दाम केलं, कुणी म्हणालं स्टावमूरचं मीठ खाल्लंय ना. ओमेर बारच्या मागे आला, स्टुलावर चढला आणि पकडीने तो खिळा उपटून काढला. खिशात टाकला. नॉर्बर्ट कोपऱ्यात बसून सूप पीत होता. त्याने वर पाहिलं आणि परत वाडग्यात पाहिलं. मला ओमेरच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली, आणि नॉर्बर्टच्याही.

पाहुण्या संघाने सामन्यानंतर यजमानांकडे एक बिअर प्यायची असतेच, मग मैदानावर काहीही होवो. तसे स्टावमूरवाले आले आणि भिंतीला लागून उभे राहिले. कामिलने ग्लास घेतलाच नाही. तो सरळ ओमेरपुढे गेला.

"मी फसवलं नाही त्याला," तो म्हणाला. "मला वाटतं तुम्ही तसं समजताय."

"मग काय, प्रार्थना म्हणत होतास?" ओमेरने विचारलं.

कामिल टोपी चुरगळू लागला. "मी पडलो होतो. वर बघितलं तर समोर नोर. तो खांदा बघून माझ्या तोंडून आपोआप निघालं. बॉल पोटाखाली आला तेव्हा आठवलं, की अरे, हा आता आपल्याकडून खेळत नाही."

"शर्टाचा रंग दिसला नाही तुला?"

"धुक्यात सगळेच शर्ट राखाडी दिसतात, ओमेर."

यावर कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, पण ओमेर हसला नाही. त्याचं पूर्ण वर्ष गेलं होतं. खाटकाच्या दुकानात लोक त्याला काय काय बोलणार होते, ते त्याला आधीच ऐकू येत असणार. मी त्याला दोष देत नाही. निदान आता देत नाही.

सोमवारी सकाळी मी अंगणात संघाचे शर्ट वाळत घालत होते. नॉर्बर्ट चिमटे देत होता. माझं तोंड बंद राहणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, उघडा गोल होता, तुझा खिळा तिथे वर तयार होता, आणि तू त्या पोस्टमनचं ऐकलंस. निदान मला तरी सांग, तुझ्या मनात आलं तरी काय?

त्याने पुढचा चिमटा दिला. "काही नाही आलं. उलट बरं वाटलं. वाटलं, चला, कामिल आहे मागे."

"आणि नंतर?"

"नंतर पण थोडा वेळ बरंच वाटत होतं, ताई. घरी असल्यासारखं." मग माझा चेहरा बघून त्याने चिमट्यांची टोपली खाली ठेवली आणि यंत्र दुरुस्त करायला निघून गेला.

घरी असल्यासारखं. मी ओला शर्ट हातात धरून उभी राहिले. मला फार लागलं ते. इकडे आई गेली, योरिस गेला, हे घर, ही खोली, त्याचा पलंग मी झाडून पुसून ठेवला, आणि याचं घर कुठे, तर त्या दळभद्र्या गावातल्या गोलपोस्टपुढे. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या पलंगाखालून ते बूट बाहेर काढले. चिखल तसाच होता. मी ते मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की राग तर आहेच, पण या बुटांना खिळा मिळाल्याशिवाय मला झोप लागणार नाही. मग खिळा कुणाचा का असेना.

पुढच्या रविवारी स्टावमूरला हंगाम संपल्याचं जेवण होतं. भाजलेली कोंबडी, सफरचंदाचा गर आणि बटाटे, दरवर्षीसारखं. कामिल खेळणं सोडणार होता, त्याचे बूट त्या दिवशी टांगायचे होते. रीत त्यांच्याकडेही तीच, आमच्याकडून चोरलेली. कामिलने नॉर्बर्टला बोलावलं होतं, पण तो कुठल्या तरी गोठ्यात अडकला होता, उशिरा येणार होता. मी बूट पिशवीत घातले, सायकल काढली आणि, कुरणात अजून थोडं पाणी होतं म्हणून, वळसा घालून गेले.

दार उघडलं तशी कोंबडी खाणारी सगळी तोंडं थांबली. मला तिथे सगळे ओळखत होते, आणि का येत नाही तेही जाणून होते. मी बारपर्यंत गेले आणि बूट ताटांच्या मधोमध ठेवले. म्हटलं, हे नॉर्बर्टचे आहेत. आमच्याकडे यांना जागा नाही, आणि ती तुमच्यामुळे गेली. तुमच्याकडे आहे का?

त्यांचा अध्यक्ष हळू बोलणारा, चष्मेवाला माणूस. त्याने फार आदराने सांगितलं की दहा हंगामांचा नियम आहे, नॉर्बर्ट इथे तीनच वर्षं होता, आज एकाला दिलं तर उद्या दुसरा येईल. मी परत बूट उचलायला हात पुढे केला. एवढा वळसा घालून मान खाली घालायला आले होते, दुसरं काय.

कामिल उठला. तोंडातला घास त्याने आधी गिळला. "माझा खिळा ठोकलाय ना?" त्याने विचारलं. ठोकलाय म्हणाले. "मग त्यावर काय टांगायचं ते मी बघीन." त्याने माझ्यापुढचे बूट घेतले, त्यांच्या नाड्या आपल्या बुटांच्या नाड्यांना बांधल्या, आणि चारही बूट एका खिळ्याला अडकवले. खिळा जरा वाकला, पण धरून राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीने सरकून मला बाकावर जागा केली आणि माझ्यापुढे बिअर ठेवली.

नॉर्बर्ट आला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. अंगाला गोठ्याचा वास. त्याची नजर आधी बुटांवर गेलीच नाही, माझ्यावर गेली. दारातच थांबला.

"तू इथे?" तो म्हणाला.

मी हनुवटीने वर खूण केली. त्याने पाहिलं. मग येऊन माझ्याशेजारी, खिडकीकडच्या बाजूला बसला, जणू ती जागा त्याचीच होती. डोळे भरले होते त्याचे, पण त्याने ते लपवले नाहीत. माझेही भरले होते. मी म्हटलं, घे, लागला तुझा खिळा, आता तरी तुझ्या घरी सुखाने बस.

त्याने काचेवर बोट फिरवलं.

"ही माझीच जागा," तो म्हणाला. "सामना झाला की मी इथेच बसायचो, तीन वर्षं. इथून कुरणापलीकडे आपलं कँटीन दिसतं, ताई. तू भांडी घासायला दिवा लावायचीस ना, तो दिसायचा. तो विझला की मी उठायचो."

मी वाकून काचेतून पाहिलं. कुरणावर थोडं पाणी साचलेलं होतं, त्यावर शेवटचं ऊन होतं, आणि पलीकडे आमचं छप्पर दिसत होतं. दिवा नव्हता. दिवा लावणारी इथे बसली होती.

"आज तिकडे अंधार आहे," नॉर्बर्ट म्हणाला, आणि माझ्याजवळ सरकला.